पिंजऱ्याच्या अर्जावर मी सही का केली नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आमच्या बिल्डिंगमध्ये एक अर्ज फिरत होता. बिबट्या वारंवार दिसतोय, पिंजरा लावून त्याला पकडा आणि लांब नेऊन सोडा, असा. सगळ्या मजल्यांवर सह्या झाल्या, आमच्या दारात आले तेव्हा मी म्हटलं मी नाही करणार. झालं. शेजारच्या काकू, ज्यांच्याकडे मी वीस वर्षं वाटीभर साखर मागायला जातेय, त्या म्हणाल्या, "अगं तुला वयात आलेली मुलगी आहे ना, रात्रीची एकटी येते, तरी तुझा हात कसा धजत नाही?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या नातवाला त्या आता संध्याकाळी खाली खेळायला सोडत नाहीत. पण त्या दिवसापासून लिफ्टमध्ये लोक माझ्याशी बोलायचे थांबलेत. आणि लगेच दोन दिवसांनी तुमच्याच पेपरात एका वाचकाचं पत्र आलं की जंगलाला खेटून घरं घेता आणि मग बिबट्या आला म्हणून बोंब मारता, घाबरट असाल तर राहायला आलात कशाला. म्हणजे इकडून पण मी वाईट आणि तिकडून पण. म्हणून लिहायला बसले, जरा लांबेल, पण शक्य असेल तर छापा.

आधी भीतीचं सांगते, कारण सही केली नाही म्हणजे मला भीती वाटत नाही असं सगळ्यांनी धरून टाकलंय. मला वाटते. खूप वाटते. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, माझी ड्युटी दहाला संपते, गोरेगाव स्टेशनवरून बस पकडून स्टॉपवर उतरेपर्यंत पावणेअकरा होतात. स्टॉपपासून आमच्या गेटपर्यंत चारशे पावलं आहेत, मी मोजलीत, उजव्या हाताला नॅशनल पार्काची, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची भिंत आणि डाव्या हाताला नाला. भिंतीच्या वर झाडं वाकलेली असतात आणि वारा नसताना पण काहीतरी हलतं. त्या चारशे पावलांत माझं तोंड कोरडं पडतं, पाठीत मुंग्या येतात, सारखं मागे बघावंसं वाटतं आणि बघायची पण हिंमत होत नाही. मोबाईलवर मोठ्याने अभंग लावते, टॉर्च लावते आणि चालताना पाय आपटते. कुत्री भुंकत असली तर बरं वाटतं, एकदम गप्प झाली की छातीत धस्स होतं. गेल्या महिन्यात आमच्या गेटवरचा काळ्या कुत्रा एका रात्रीत गायब झाला. वॉचमनने कॅमेऱ्याचं फुटेज दाखवलं, पहाटे 3 वाजून काही मिनिटांनी भिंतीवरून एक लांबलचक आकार खाली उतरतो, कुठे घाई नाही, गडबड नाही, आपल्या घरात फिरावं तसा कचराकुंडीच्या मागून जातो आणि परत येतो तेव्हा तोंडात काळ्या असतो. त्या रात्री मी आणि माझी मुलगी दोघी झोपलो नाही. सातव्या मजल्यावर राहतो तरी खिडक्या लावून घेतल्या, आणि मे महिना होता.

तर भीती खरी आहे. त्या पत्रलेखकांना एवढंच सांगायचंय की घाबरणाऱ्याला घाबरट म्हणून काही होत नाही. आणि राहायला आलो कशाला याचं उत्तर पण ऐका. माझे सासरे लालबागला गिरणीत होते. 1982 चा संप झाला, पगार बंद झाला, भाड्याची खोली सोडावी लागली, चार लेकरं आणि बायकोला घेऊन ते मालाडला कुरारच्या वरच्या अंगाला आले कारण तिथेच परवडत होतं. पत्र्याची खोली, पाणी खालून आणायचं, संडास लांब. जंगल बघायला आले नव्हते ते. सासूबाई सांगायच्या की रात्री कुणाला जायचं असलं की चार-पाच बायका मिळून निघायच्या, एकीच्या हातात कंदील आणि एकीच्या हातात ताट-पळी, वाजवत वाजवत जायचं. बिबट्या तेव्हा पण होता, नाव कुणी घेत नव्हतं, 'तो' म्हणायचे. पुढे एसआरएमध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, बिल्डिंग झाली आणि आता आम्ही सातव्या मजल्यावर आहोत, पण भिंत तीच आहे. मुंबईत मुलुंड, भांडुप, पवई, आरे, दिंडोशी, कांदिवली, बोरिवली आणि तिकडे ठाण्याला येऊर, घोडबंदर असं गोल फिरलात तर या पार्काच्या कडेने राहणारी माझ्यासारखी लाखो माणसं भेटतील, आणि त्यातली बहुतेक हौसेने आलेली नाहीत.

आता सहीचं. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. हे आमच्या बिल्डिंगमध्ये फार कुणाला माहीत नाही, आणि माझं 'नाही' तिथून आलंय.

आमच्याकडे कुकडीचं पाणी आलं, धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, आणि जिथे बाजरी व्हायची तिथे ऊस उभा राहिला. उसात वर्षभर कुणी आत जात नाही, सावली असते, पाणी असतं, डुकरं आणि कुत्री असतात. बिबट्याची मादी उसात व्यायला लागली, तिची पिल्लं उसालाच जंगल समजून मोठी झाली. माझ्या लग्नाच्या आधीची दोन वर्षं, म्हणजे 2001-02 च्या सुमारास, आमच्या भागात माणसांवर हल्ले सुरू झाले. संध्याकाळी शेतात पाणी द्यायला जायचं बंद, लाईट तर रात्रीचीच यायची, मग वडील आणि चुलते दोघं बरोबर जायचे, एकाने मोटर बघायची आणि दुसऱ्याने नुसतं उभं राहायचं. लोक चिडले, मोर्चे निघाले, आणि मग फॉरेस्टवाल्यांनी पिंजरे लावले. पिंजऱ्यात शेळी बांधायची, रात्री धाडकन दार पडलं की सकाळी अख्खं गाव बघायला. मी पण गेलेय. डझनावारी बिबटे पकडले आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडले. आम्हाला वाटलं आता सुटलो. तर नाही. गावात परत बिबट्या दिसायचाच, कारण एक उचलला की त्याची जागा रिकामी राहत नाही, शेजारचा येतो, नाहीतर तरुण, जागा शोधत भटकणारा येतो, त्याला ना रस्ते माहीत ना माणसांच्या वेळा. आणि ज्याला नेऊन सोडलं तो तिथे नवखा, पिंजऱ्यात आपटून दात मोडलेले, चिडलेला, परत घराकडे निघालेला. जिथे आधी कधी त्रास नव्हता तिथे त्रास सुरू झाला. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी आमच्याच भागात काम करून हे लिहिलंय, 2011 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, की बिबट्यांना पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. मला तो अभ्यास नंतर कळला, पण डोळ्यांनी बघितलेलं त्याच्या आधीचं आहे.

2002 ला माझं लग्न झालं आणि मी मुंबईला आले. आई म्हणाली, "बरं झालं बाई, त्या बिबट्याच्या तावडीतून सुटलीस." दोन वर्षांनी 2004 उजाडलं. ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय. या पार्काच्या आजूबाजूला त्या वर्षी जेवढी माणसं गेली तेवढी आधी कधी गेली नव्हती आणि नंतर पण नाही, आणि सगळ्यात जास्त त्या पावसाळ्याच्या तोंडावर. आमच्या चाळीत संध्याकाळी सातला दारं बंद व्हायची. मी गरोदर होते तेव्हा, रात्री तीन तीनदा उठावं लागायचं आणि संडास चाळीच्या टोकाला, नवरा काठी घेऊन बाहेर उभा राहायचा आणि मी आतून त्याच्याशी सारखी बोलत राहायचे, तो गप्प झाला की माझा जीव जायचा. ते मूल राहिलं नाही, त्याची कारणं वेगळी होती, पण ते दिवस म्हटले की मला ती चाळ आणि तो अंधार आठवतो. आणि खूप नंतर कळलं की त्या काळात बाहेरून पकडून आणलेले बिबटे पण या पार्कात आणून सोडले जात होते. म्हणजे लोकांनी तिकडे अर्ज केले, पिंजरे लावले, 'लांब नेऊन सोडा' म्हणाले, आणि कुणाचं तरी 'लांब' म्हणजे माझ्या चाळीची मागची बाजू होती. ते सोडणं थांबलं आणि त्यानंतर हल्ले हळूहळू खूप खाली आले, बिबटे तिथेच असताना. आता सांगा मी त्या अर्जावर सही कशी करू? आमचा बिबट्या उचलून कुठे सोडणार? तिथे पण कुणीतरी गरोदर बाई अंधारात बसलेली असेलच ना.

आणि लांब नेला तरी तो राहतो का? नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला 2009 साली एक म्हातारा बिबट्या विहिरीत पडला होता, त्याला काढलं, गळ्यात तो कुठे जातो ते कळणारी कॉलर घातली आणि माळशेज घाटात सोडलं. सगळे त्याला आजोबा म्हणायचे. तो तिथून निघाला आणि महिन्याभराच्या आत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत इकडे मुंबईच्या दिशेला आला, गावं, रस्ते, रेल्वे सगळं ओलांडून, वाटेत एकाही माणसाला त्याने हात लावला नाही. माहेरी जाताना आमची एसटी माळशेजवरूनच जाते, प्रत्येक वेळेला घाटात मला तो आठवतो. 2011 च्या शेवटी हायवेवर गाडीखाली सापडून तो गेला.

आता आमच्या पार्काचं. सगळं मिळून शंभर चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आत कान्हेरीची लेणी, तुळशी आणि विहार तलाव, आणि चहू बाजूंनी आपण. ट्रॅप कॅमेरे लावून मोजणी करतात, प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, त्यावरून ओळखतात. 2015 ला पार्क आणि आसपास मिळून 35 सापडले, 2018 ला 47. जगात कुठल्याच मोठ्या शहराच्या पोटात इतके बिबटे नाहीत असं म्हणतात. म्हणजे आपल्या अर्जाने एक नेला तर बाकीचे आहेतच, आणि त्या भिंतीवरून उतरायची वाट पण आहे तशीच आहे.

तो उतरतो कशाला हे बघितलं पाहिजे. माणसाला खायला येत नाही तो. आमच्या मागच्या नाल्यात तीन चिकनवाले रोज रात्री दुकान बंद करताना पिशव्या टाकतात, दोन हॉटेलांचं उरलेलं तिथेच पडतं, आमच्या बिल्डिंगचा ओला कचरा पण कुंडीच्या बाहेर सांडलेला असतो कारण कचऱ्याची गाडी सकाळी न येता दुपारी एकला येते. त्या कचऱ्यावर कुत्री पोसतात, डुकरं येतात, उंदीर येतात. आणि कुत्र्यांच्या मागे तो येतो. पार्कातल्या बिबट्यांनी काय खाल्लं ते त्यांच्या विष्ठेवरून तपासलं तर जवळपास पाव हिस्सा कुत्री निघाली, बाकी चितळ, सांबर, माकडं असं जंगलातलंच जास्त. कुणीतरी अभ्यास करून असंही मांडलंय की हे बिबटे वर्षाला साधारण पंधराशे कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रे चावायच्या कितीतरी घटना टळतात. मला काळ्याबद्दल वाईट वाटतं, त्याला मी पोळी घालायचे. पण आम्हीच त्याला कचऱ्याशेजारी, भिंतीला लागून, रात्री अकराला पोळी घालत होतो. आता मी सकाळी घालते, गेटच्या आत, आणि ज्या मुली रात्री येऊन भिंतीपाशी वाट्या मांडतात त्यांना पण हात जोडून तेच सांगते. त्या ऐकतात, चांगल्या आहेत.

दुसरी गोष्ट अंधार आणि संडास. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण यावर कुणीच लिहीत नाही. बिबट्याला उभा माणूस आवडत नाही, उंच आकार दिसला की तो बाजूला होतो. पण खाली बसलेला माणूस त्याच्या उंचीला येतो आणि लहान मूल तर येतंच. 2021 साली आरेमध्ये एका म्हाताऱ्या बाईंवर हल्ला झाला, सगळ्या चॅनेलनी कॅमेऱ्याचं फुटेज दाखवलं, त्या आपल्या ओट्यावर बसायला गेल्या होत्या आणि मागून तो आला, त्यांनी हातातल्या काठीने त्याला हाणलं म्हणून वाचल्या. लोकांनी ते हजार वेळा बघितलं, आजींच्या हिंमतीचं कौतुक केलं, आणि करायलाच पाहिजे. पण तिथे अंधार किती होता, मागे गवत किती वाढलं होतं, ते कुणी बघितलं? आणि 2022 च्या दिवाळीत, ऐन सणाच्या पहाटे, आरेतच युनिट 15 मध्ये 16 महिन्यांची मुलगी गेली. ते लिहिताना माझा हात थांबतो. त्या घरावर काय कोसळलं असेल. ज्या घरात संडास नाही, ज्या वाटेवर दिवा नाही, तिथल्या बाईला पहाटे पाचला नाहीतर रात्री बाहेर जाऊन बसावंच लागतं, पोरं तिच्या मागून येणारच. ती काही बिबट्याला आव्हान द्यायला जात नाही. अशा ठिकाणी बोर्ड लावतात, 'बिबट्याचा वावर, एकटे फिरू नका'. बोर्ड लावला, काम झालं.

आमच्या दवाखान्यात आरेच्या एका पाड्यावरची ताई साफसफाईला येते, वारली समाजाची आहे. तिच्या पाड्याच्या वर वाघोबाचं ठाणं आहे, वसुबारसेच्या दिवशी आपण गाय-वासराची पूजा करतो त्याच दिवशी ते वाघबारस करतात, नारळ देतात. तिच्या आजे-सासऱ्यांपासून ते तिथे आहेत, दुधाची कॉलनी झाली 1949 ला त्याच्या कितीतरी आधीपासून. शहरातले लोक येतात, फोटो काढतात आणि म्हणतात बघा आदिवासींना भीती नाही, ते कसे जमवून घेतात. मी तिला एकदा विचारलं, तुला खरंच भीती नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते ना. वाटते म्हणून तर नारळ देतो. पण वाघोबा चुलीपर्यंत आला तर चूक कोणाची ते बघतो आधी." तिने मग सांगितलं की तिची सासू अंगणातलं गवत कधी गुडघ्याच्या वर जाऊ देत नव्हती, कोंबड्या आतल्या खोलीत घ्यायची, पोरांना तिन्हीसांजेनंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही, आणि पहाटे बाहेर पडताना आधी खोकायची, मग भांडं आपटायची, मग पाऊल. हे सगळं भीतीतूनच आलेलं आहे, आमच्या सासूबाईंच्या ताट-पळीसारखं. 2022 नंतर ती ताई तीन महिने नातवाला कडेवरून खाली ठेवत नव्हती. तिच्या पाड्यावर अजून वाटेवरचे दिवे अर्धे बंद असतात.

मला कुणी असं समजू नये की काहीही झालं तरी पिंजरा नकोच असं मी म्हणतेय. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेडला काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय, आमच्या माहेरापासून फार लांब नाही ते, लहान मुलं गेली, लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला आणि शेवटी त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. जो माणसांवर हल्ले करायला लागलाय त्याला पकडायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही, आरेत पण पकडलेत. माझ्या भावाचा मुलगा आता गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून शेतात जावं का असं विचारतो, त्याला मी काय सांगू. पण आमच्या बिल्डिंगमधला बिबट्या भिंतीवरून आला, कुत्रं घेऊन गेला, एवढंच. त्याने वॉचमनकडे बघितलं पण नाही. दिसला म्हणून पकडा हा कायदा पण नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहे, वरच्या साहेबांच्या परवानगीशिवाय पिंजरा लागत नाही, आणि ते बरंय.

आमच्या माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे, पकडलेले आणि सोडता न येणारे बिबटे तिथे ठेवलेत. लग्नानंतर एकदा माहेरी गेले होते तेव्हा बाहेरून बघितलं. एक मादी पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती, वळायची आणि परत चालायची, वळायची आणि परत. मी तिथे होते तेवढा वेळ ती थांबली नाही. हिनेच आमच्या वस्तीतली शेळी नेली असेल कदाचित. मला राग आला नाही.

तर मी आणि आमच्या मजल्यावरच्या तिघीजणींनी मिळून दुसरा अर्ज लिहिलाय. त्यात पिंजरा नाही. स्टॉपपासून गेटपर्यंतच्या सात खांबांपैकी तीन बंद आहेत ते लावा. कचऱ्याची गाडी सकाळी सातच्या आत पाठवा. चिकनवाल्यांची घाण नाल्यात पडणार नाही हे बघा. भिंतीला लागून वाढलेलं गवत आणि झुडपं पावसाळ्याआधी आणि नंतर कापा. वरच्या झोपडपट्टीत सार्वजनिक संडासाची दारं तुटलीत आणि आत बल्ब नाही, तो लावा, कारण तिथल्या बायका अजून उघड्यावर जातात आणि पहिला धोका त्यांना आहे, आम्हाला सातव्या मजल्यावर नाही. हा अर्ज घेऊन आम्ही सरकारी ऑफिसात गेलो तर तिथला साहेब म्हणाला, "ताई, पिंजऱ्याचा अर्ज आलाय ना, तो आम्ही पुढे पाठवलाय, काम चालू आहे." मी म्हटलं लाईट? तर म्हणे तो विभाग वेगळा, कचरा वेगळा, संडास वेगळा. पिंजऱ्याचा अर्ज एका दिवसात पुढे गेला. एक बल्ब तीन महिने लागत नाही.

यात मला खरी चीड येते, संपादक साहेब. पिंजरा आणून ठेवला की सगळ्यांना काहीतरी झाल्यासारखं वाटतं, नगरसेवक होऊ इच्छिणारे येऊन फोटो काढतात, टीव्हीवाले येतात, सोसायटी खूश. त्यात बिबट्या आला तर टाळ्या, नाही आला तर पंधरा दिवसांनी उचलून नेतात. कचरा तिथेच आणि खांब तसेच.

तुमच्या पेपरबद्दल पण बोलायचंय, रागावू नका, आमच्या घरात तीस वर्षं तुमचाच पेपर येतो. बिबट्या दिसला की तुम्ही 'दहशत', 'धुमाकूळ', 'थरार' असे मोठे मथळे देता. आमच्याकडे त्या दिवशी काही धुमाकूळ झाला नव्हता. तो मथळा वाचून माझ्या मुलीच्या क्लासमधल्या दोन मुलींनी क्लास सोडला, घरच्यांनीच सोडायला लावला. बिबट्या गेला तसा निघून, मुलींचं बारावीचं वर्ष मात्र गेलं. बातमी द्या, द्यायलाच पाहिजे, लोकांना कळलं पाहिजे, पण त्याच बातमीत वनविभागाचा 1926 हा नंबर द्या, गर्दी करू नका हे द्या, आणि आठ दिवसांनी परत या आणि विचारा की इथला कचरा उचलला का. 2019 ला ठाण्याला मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, 2018 ला मुलुंडला नानेपाड्यात बिल्डिंगमध्ये शिरून त्याने सहा जणांना जखमी केलं, त्या दोन्ही वेळेला बाहेर माणसांची किती गर्दी होती ते आठवा. कोंडीत सापडलेला आणि चारी बाजूंनी आरडाओरडा ऐकणारा प्राणी काय करणार, त्याला पळायला वाट ठेवली तर तो पळतो. आमच्या ग्रुपवर पण कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला व्हिडिओ 'आपल्या मागच्या गल्लीत आत्ता' म्हणून आला होता, रात्री बारा वाजता पन्नास माणसं काठ्या घेऊन खाली. लहान पोरं पण. त्या रात्री बिबट्या असता तर काय झालं असतं याचा विचार करून मला आजपण कसंतरी होतं. आणि बाईक घेऊन रात्री आरेच्या रस्त्याला बिबट्या शोधायला येणारी पोरं, लाईट मारत, हॉर्न मारत, त्यांना कुणी अडवत नाही.

त्या पत्रलेखकांना अजून एक सांगायचंय. तुम्ही म्हणता जंगलाला खेटून राहायला आलात कशाला, तर हा प्रश्न ज्यांना विचारायचा त्यांना विचारा. आमच्या पुढच्या वळणावर तीस-पस्तीस मजल्यांचा टॉवर होतोय, बाहेर मोठं होर्डिंग आहे, जंगलाचा व्ह्यू, पक्ष्यांच्या आवाजाने जाग. त्यात पैसे भरणाऱ्यांना कुणी तिथे बिबट्या राहतो, कचरा झाकून ठेवा, पोरांना एकटं सोडू नका, असं सांगितलेलं नाही. ती माणसं राहायला येतील, पहिल्या महिन्यात त्यांना तो दिसेल आणि पहिल्या मीटिंगला पिंजऱ्याचा अर्ज होईल. घराची चावी देताना पाण्याच्या टाकीची वेळ सांगतात, पार्किंगचे नियम सांगतात, तसं हे पण सांगायला काय हरकत आहे? मी स्वतः येऊन सांगायला तयार आहे, रविवारी मला सुट्टी असते.

शेजारच्या काकूंना काल मी दुसरा अर्ज वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकला, मध्ये एकदा चष्मा पुसला, मग म्हणाल्या मी पहिल्यावरची सही मागे घेणार नाही, पण याच्यावर पण करते. केली. त्यांचं बरोबर आहे, नातू त्यांचा आहे. त्यांच्यानंतर त्या मजल्यावरच्या अजून अकरा जणांनी केली.

माझ्या मुलीचा क्लास नऊला सुटतो. ज्या दिवशी माझी ड्युटी असते त्या दिवशी तिचे बाबा स्टॉपवर उभे असतात, सुट्टीला मी. आम्ही तिला सांगून ठेवलंय, पळायचं नाही, वाकायचं नाही, चप्पल तुटली तरी खाली बसायचं नाही, फोन कानाला न लावता आवाज मोठा करून चालायचं. तिला पण भीती वाटते, ती लपवते.

अर्जाची पोच माझ्याकडे आहे, तारीख आणि शिक्क्यासकट. शाळेच्या कोपऱ्यापासून मोजलं तर दुसरा, चौथा आणि पाचवा असे तीन खांब बंद आहेत.

आपली,
तीस वर्षांच्या वाचक घरातली एक सून
मालाड (पूर्व), मुंबई